मुतलाच्या उतारावर प्रभाताई

प्रभाताई सामंत कुवेतमधल्या जहराच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या. पन्नाशी उलटली होती. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि शुक्रवारची सुट्टी एकाएकी खायला उठू लागली. अशात, १९९०च्या जानेवारीत, बरोबर काम करणाऱ्या हेल्गाने त्यांना मुतलाच्या टेकाडांवर नेलं. हेल्गा ऑस्ट्रियाची, व्यायामोपचार करणारी. तिने पायांना लांबलचक स्की बांधल्या आणि बर्फावरून यावं तशी ती वाळूवरून सरसरत खाली आली.

परतताना गाडीत प्रभाताई म्हणाल्या, "मला शिकवशील?"

हेल्गाने आपली जुनी जोडी देऊन टाकली. तिचे तळ पार खरवडले होते. नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून प्रभाताई ती घेऊन जवळच्या अम्गऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत सुतारकाम करणाऱ्या कुडाळच्या लवूकडे गेल्या.

"ताई, ह्यां घेवन काय करतलास?" त्याने विचारलं. उत्तर ऐकून तो पोट धरून हसला, पण कपाटांच्या कामातून उरलेला सनमायका त्याने तळांना झकास बसवून दिला. हेल्गाने दिलेले बूट मोठे होते, त्यात दोन जोड लोकरी मोजे घातले.

त्यांचे यजमान प्रतापराव वैतागले. "या वयात हाड मोडून घेशील."

"मोडलं तर वॉर्ड माझाच आहे," प्रभाताई म्हणाल्या.

पहिले काही शुक्रवार नुसतं पडण्यात गेले. वाळू नाकातोंडात, केसांत, चहाच्या थर्मासमध्येसुद्धा. चढायचंही स्वतःच, स्की खांद्यावर घेऊन. वेग आला की त्या घाबरून मागे रेलत, आणि रेलल्या की आपटत.

"भीती वाटली की पुढे झुक," हेल्गा सांगायची.

हे ऐकायला सोपं होतं. शरीर मात्र ऐकत नव्हतं. एकदा त्या इतक्या जोरात पडल्या की आठवडाभर वॉर्डात लंगडत फिरल्या. पेशंट विचारायचे, सिस्टर, तुम्हाला काय झालं?

मार्चमध्ये एका सकाळी त्या सगळ्यांत उंच टेकाडावर उभ्या राहिल्या. खाली तंबू ठोकून बसलेलं एक कुवेती कुटुंब बघत होतं. प्रतापराव गाडीला टेकून उभे होते. प्रभाताईंनी गुडघे वाकवले, छाती पुढे नेली आणि सोडून दिलं.

वारा कानात घुमला. भीती वाटली, तशा त्या आणखी पुढे झुकल्या. पायाखालची वाळू पाण्यासारखी मऊ झाली. डावीकडे वळल्या, मग उजवीकडे, आणि पायथ्याशी धूळ उडवत थांबल्या. उभ्याच.

तंबूतली म्हातारी उठून आली. तिने प्रभाताईंचे दोन्ही गाल धरले आणि "माशाल्ला" म्हणत हातात खजूर ठेवले.

प्रतापराव जवळ आले. "किती सुरेख आलीस तू," ते म्हणाले.

प्रभाताई नुसत्या हसल्या. खजूर तोंडात टाकून त्यांनी स्की खांद्यावर घेतल्या आणि पुन्हा चढायला लागल्या.