धुतलेल्या टाक्यांचं अंगण

लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा मला वाटलं होतं, डोंगरातलं घर म्हणजे दारातून डोंगर दिसत असणार. दिसायच्या त्या टाक्या. पांढऱ्या, चौकोनी, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेल्या आणि एकीवर एक रचलेल्या. त्यांची रांग स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली होती. ऊन त्यांच्यातून गाळून आत यायचं, ताकासारखं. सकाळ आहे का दुपार, ते मला पहिले काही दिवस चुलीपाशी बसून कळायचंच नाही.

सासरे पंचायत समितीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा धंदा सुरू केला. कारखान्यांत खायचं तेल, ग्लुकोज, साबणाचा कच्चा माल असलं पातळ सामान या टाक्यांतून येतं. टाकी रिकामी झाली की कारखान्याला तिची अडचण होते. माझे यजमान टेम्पो घेऊन घाटाखाली जायचे, रिकाम्या टाक्या आणायचे. मग अंगणात सोड्याच्या गरम पाण्यानं त्या धुवायच्या, तोटी आणि वायसर नवे बसवायचे, पिंजऱ्याचे वाकलेले गज ठोकून सरळ करायचे. शेवटी टाकी भरून खाली चुलीतली राख पसरायची. दुसऱ्या दिवशी राखेवर एक ठिपका जरी ओला दिसला तरी टाकी परत कामाला.

माझ्या माहेराकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. मी तसंच म्हणू लागले तर शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. सांगोल्याकडचं माझं बोलणंच त्यांना गमतीचं वाटायचं. पण आत्याबाई म्हणाल्या, "हसू दे त्यांना. मला बरं वाटतं." असलं काही कोणी बोललं की मला रडू यायचं. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण हायस्कूल पुढच्या गावात होतं आणि टँकर आला की हंडे धरायला घरात माणूस हवं होतं. या लोकांनी माझ्या आईकडून काही मागितलं नाही. मला डोक्यावर पाणी वाहायला लावलं नाही. ताटात गरम भाकरी पडायची. एवढं मिळाल्यावर आणखी काही मागायची माझी छाती होत नसे.

मामंजी गिऱ्हाइकाला समजावून सांगू लागले की मी आतून ऐकायची. साखरशेतचा एक बागवाला आंब्याच्या कलमांना पाणी घालायला टाकी बघायला आला होता. नवी का घेऊ नये, असं त्यानं विचारलं.

"नवी घ्या की," मामंजी म्हणाले. "प्लास्टिक तेच, पिंजरा तोच. फक्त नव्या एकीच्या पैशात माझ्या दोन येतात, आणि वर टेम्पोचं भाडंही निघतं. पिंपं घ्याल तर हिच्यात मावतं तेवढ्याला पाच लागतील. पाच पिंपं, पाच झाकणं, आणि वाकून वाकून पाणी काढायचं. हिला खाली तोटी आहे. सिमेंटची बांधाल तर रेती आली, गवंडी आला. उद्या जंगलखात्यानं जागेवर बोट ठेवलं तर ती टाकी काखेत मारून नेणार का?"

"आणि नको झाली तर?"

"तर मलाच परत विका. नवीची किंमत दारातून बाहेर पडली की पडते. हिची पडायची तेवढी आधीच पडलेली आहे."

हे शेवटचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. ते खरंच होतं. पुढं कितीतरी घरांत त्यांच्या टाक्या मी बघितल्या. वीटभट्टीवर जाणारी माणसं निघताना त्या उपड्या घालून जायची आणि परत आली की त्याच वापरायची.

मग मला दिवस गेले आणि माझं नाक तिखट झालं. फोडणी सहन होईना. एकदा धुऊन वाळवलेल्या टाकीजवळून जाताना मला भडभडून ओकारी आली. मी म्हणाले, "हिच्यात चिकटवायचा डिंक होता." कोणाला पटेना. यजमानांनी विकणाऱ्याला खोदून विचारलं, तेव्हा त्यानं कबूल केलं. टाकीवरचं लेबल त्यानंच काढलं होतं.

मामंजींना केवढा आनंद झाला. प्यायच्या पाण्याला फक्त खाण्याच्या मालाची टाकी द्यायची, साबणाची बांधकामाला, आणि डिंक-शाईची घ्यायचीच नाही, हा त्यांचा नियम होता. पण लेबल नसलं की त्यांना अंदाजानं चालावं लागे. आता घरातच नाक होतं. प्रत्येक टाकीच्या तोंडात मी मान घालायची. आत सगळं पांढरं, कोंदट, आणि माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू यायचा. बाहेरून मामंजी विचारायचे, "काय म्हणते टाकी?" मी "तेल" किंवा "साबण" म्हणाले की माझंच बोलणं चारी बाजूंनी कानावर आपटायचं. सगळे कौतुक करायचे. त्या कौतुकाची मला भीती वाटायला लागली, कारण सातवा महिना जवळ आला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. जव्हारलाही तीच. आई शेजारच्यांच्या फोनवरून विचारायची, "कधी येतीस गं? मी डिंक-खोबरं आणून ठेवलंय." मी मामंजींकडे बघायची. ते म्हणायचे, "एवढी खेप होऊ दे. लगीनसराई आहे, मोखाड्याकडच्या विहिरी तळाला गेल्यात. लोकांना टाक्या हव्यात." बोलण्यात जबरदस्ती नव्हती. असती तर मी भांडले असते बहुतेक.

आठवा लागला आणि नाक मंदावलं. आधी मला वाटलं, सर्दी असेल. मग एक दिवस टाकीत मान घातली आणि काहीच आलं नाही. नुसतं पांढरं.

त्याच दिवशी पोशेऱ्याची एक म्हातारी आली होती. तिच्या नातीचं लग्न होतं आणि सगळ्या पाड्याला प्यायला पाणी साठवायचं होतं. यजमानांनी निवडलेली टाकी माझ्यापुढं आणली.

"सांग गं," मामंजी म्हणाले.

"मला वास येत नाही."

"म्हणजे स्वच्छ आहे."

"तसं नव्हं मामंजी. मला कसलाच वास येत नाही."

मामंजी हसले. म्हातारीला म्हणाले, "माहेरची ओढ लागली की नाक बंद होतं हो."

यजमानही हसले. "सकाळी माझ्या शर्टाचा बिडीचा वास बरा आला?"

"वास नाही आला. खिशाला राख होती."

कोणी ऐकलं नाही. हो म्हणावं तर लग्नातली सगळी माणसं ते पाणी पिणार. नाही म्हणावं तर ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना वाटणार, ही पोरगी घरी जाण्यासाठी नाटक करते. मी नुसती पिंजऱ्याचा गज धरून उभी राहिले.

म्हातारी आतापर्यंत उकिडवी बसून बघत होती. ती म्हणाली, "नाकाला काय इचारता? पेज करा ना."

"कसली पेज?" आत्याबाईंनी विचारलं.

"याच पान्याची. भर टाकी, ऊन खाऊ दे दुपारपर्यंत. मंग त्या पान्यात तांदूल शिजव. आमी नव्या मडक्याला तसाच करतो. भात सगला वास धरतो, लपवत नीही."

मामंजींना ते पटलं नसावं, पण गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. टाकी भरली. दुपार कलल्यावर आत्याबाईंनी तोटीतून पाणी घेतलं आणि चुलीवर पेज ठेवली. म्हातारीनं पहिला घोट तोंडात फिरवला आणि अंगणात थुंकला.

"साबू," ती म्हणाली. टाकी साबणाची होती.

मग आत्याबाईंनी चाखली, यजमानांनी चाखली. मामंजींनी चाखली आणि वाटी खाली ठेवून ते टाक्यांच्या रांगेकडे गेले. दुसरी टाकी भरली. तिची पेज सगळ्यांनी मीठ घालून पोटभर खाल्ली, आणि तीच टाकी पोशेऱ्याला गेली.

आत्याबाई मामंजींना म्हणाल्या, "आता तरी पोरीला सोडा. तुमचं नाक चुलीवर शिजतं आता."

"उद्याच्या गाडीनं पाठवतो," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण म्हणाले.

निघण्याआधी दवाखान्यात दाखवायला नेलं. माझे पाय सुजले होते, रक्तदाब चढला होता. डॉक्टरीणबाईंनी एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. मी घरी आले आणि बांधलेली पिशवी सोडून लुगडी परत ट्रंकेत ठेवली. सासरच्यांवर राग धरायचा म्हटलं तरी धरता येईना. आत्याबाई माझे पाय मांडीवर घेऊन तेल लावत बसल्या होत्या.

मग आईच आली, एसटी बदलत बदलत, डिंक-खोबऱ्याचं गाठोडं घेऊन. मुलगी जव्हारलाच झाली. आई सव्वा महिना राहिली. अंगणात बसून बाळाला उन्हात न्हाऊमाखू घालताना ती टाक्यांकडे बघायची. एकदा तिनं तोटी फिरवून बघितली. "एवढं पानी एका जागी राहतं व्हय?" म्हणाली. मामंजींनी ऐकलं.

आई निघायच्या वेळी सांगोल्याकडची ज्वारी घेऊन जव्हारच्या दुकानात आलेला ट्रक रिकामाच परत निघाला होता. मामंजींनी एक टाकी बाजूला काढून ठेवली होती, तेलाची. तिची पेज त्यांनी स्वतः चाखली होती. आई पैशाचं बोलू लागली तर म्हणाले, "लेकीला पाठवायचं होतं विहीणबाई, जमलं नाही. ही न्या." यजमानांनी टाकी दोरानं बांधली. आई पुढं बसली. वळणावरून ट्रक खाली उतरेपर्यंत पांढरं चौकोनी दिसत राहिलं. माझ्या आधी ती टाकी माहेरी पोचली.

रांगेत तिच्या जागी खिंडार पडलं होतं. चुलीपाशी बाळाला घेऊन बसले तर त्यातून डोंगराचा एक तुकडा दिसायचा, वर एक झाड. मी बाळाला ते दाखवायची. तिला काय कळणार, पण दाखवायची. मग पुढची खेप आली. यजमानांनी खिंडारापाशी टाकी आणून मला विचारलं, "इथं लावू का?"

मी म्हणाले, "लावा."