बाजा थांबायचा ते दार

शाळेचं फाटक उघडायच्या आधी मामा लांब बांबू घेऊन एकेका वर्गात शिरायचे आणि छत ठोकून बघायचे. चार कोपरे, मग मधोमध. ठोकायचं, मान कलती करून ऐकायचं, दोन पावलं सरकायचं. भरीव आवाज आला की "हं". जरा पोकळ वाटला की खाली फरशीवर खडूनं फुली, आणि त्या फुलीवर दिवसभर कुणी बसायचं नाही. दुसरीच्या बाई लवकर आल्या तर व्हरांड्यात उभ्या राहून ते ठोकणं ऐकायच्या. आत जायच्या नाहीत.

मामा शाळेचे शिपाई. झाडू, पाण्याची टाकी आणि घंटा ही त्यांची खाती. आदल्या वर्षी भर दुपारी दुसरीच्या वर्गात छताचा मोठा तुकडा खाली आला आणि दोन मुलं गेली. बाई तेव्हा हजेरीपट आणायला ऑफिसात गेल्या होत्या. त्या पडझडीत तारा एकमेकींना चिकटल्या आणि विजेची घंटा जी वाजू लागली, ती कुणीतरी मेन स्विच खाली ओढेपर्यंत वाजतच राहिली.

त्याआधी महिनाभर मामा रोज सकाळी त्या वर्गातून सिमेंटची भुकटी झाडून काढत होते. हेडसरांना त्यांनी सांगितलंही होतं. सर "बघू" म्हणाले. चौकशीत हे कुणी विचारलंच नाही, आणि सर खुर्चीवर राहिले. मामांनी मात्र एकदा बादली भरताना, पाठमोरेच, बाईंना सांगून टाकलं.

"एकदाच बोललो मी, बाई. दुसऱ्यांदा बोलायला काय जीभ झडली होती माझी?"

पाण्यानं बादली भरून वाहायला लागली तरी दोघं तसेच उभे राहिले.

नवं छत घातलं गेलं, रंग लागला, शाळा उघडली. पण मुलं आली अकरा. तपासणीचे साहेब सांगून गेले होते की सत्राअखेर पट चाळिसाच्या खाली असला तर शाळा बंद, आणि मुलं हायवेपलीकडच्या शाळेत. हायवे ओलांडून सहा वर्षांचं पोर कोण पाठवणार? शाळा बंद म्हणजे या गल्ल्यांतल्या बहुतेक पोरांचं शिकणंच बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी हेडसरांनी सवयीनं घंटेचं बटण दाबलं. अकराच्या अकरा मुलं फाटकाकडे पळाली. एकाची चड्डी ओली झाली. मामांनी त्याला धुऊन पुसून आपला गमछा गुंडाळला, आणि संध्याकाळी पेचकस घेऊन घंटा भिंतीवरून उतरवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून तोंडानं वाजवायचा बाजा, माउथ ऑर्गन, काढला. तरुणपणी गोदामावर पहारा देताना शिकलेला. पहिलीला उड्या मारणारी चाल, दुसरीला संथ, चौथीला जरा रुबाबदार. आपली चाल ऐकली की तो तो वर्ग उठायचा.

मग तो बाजा वाजवतच ते सकाळी गल्लीबोळांतून मुलं गोळा करायला जाऊ लागले. रांगेच्या शेवटी बाई. सलूनवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, मामा, माकडं कुठं ठेवलीत?

"तीच गोळा करायला निघालोय," मामा म्हणाले. "तुमच्याकडे एक आहे ना?"

तिसऱ्या दिवशी सलूनवाल्याची मुलगी रांगेत आली.

गेलेल्या दोघांपैकी एकाची आई त्याच गल्लीत शिवणकाम करायची. तिचं दार सहा घरांवर आलं की मामा बाजा खिशात टाकायचे. मुलांनी ओठांवर बोट ठेवायचं, चवड्यांवर चालायचं. दार मागं पडलं, आणखी सहा घरं गेली की पुन्हा सूर. दुसऱ्या दिवसापासून मुलं न सांगता तसं करू लागली. या वर्षात आपल्या हातून काही बरं घडलं असेल तर ते हेच, असं बाईंना वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात शिलाई मशीन थांबलं आणि ती बाहेर आली. गळ्यात मापाची टेप तशीच.

"माझ्याच दारात का गप्प होता?"

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीतरी मामा पुटपुटले.

"तोवर मी शिवत असते हो. मग बाजा थांबतो. थांबला की मला कळतं, आता माझं दार आलं. एवढी पोरं चवड्यांवर चालतात, ते पाय ऐकू येतात मला. रोज सकाळी माझ्या दारावरून तुम्ही मयत नेता."

बाईंनी पुढच्या पोराच्या ओठांवरचं बोट खाली घेतलं. मग मामांनी काय वाजवू म्हणून विचारलं. जे वाजवत आलात तेच, ती म्हणाली, माझ्यासाठी तोडू नका.

मामांनी बाजा ओठांना लावला. दम पुरेना, चाल मध्येच फाटली. दारामागून सात वर्षांची छोटी डोकावली. भावाच्या मागोमाग तिचीही शाळा सुटली होती. चुकतंय, ती म्हणाली. आईनं तिला आत ढकललं.

मामा रोज वाजवत राहिले. पाचव्या दिवशी छोटीचा हात धरून आई स्वतः शाळेत आली. बाई तेव्हाही दुसरीला व्हरांड्यातच बसवत होत्या. वर्ग असताना बाहेर का, तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन मधोमध उभी राहिली. तिच्यामागून छोटी गेली. मग मुलं. सगळ्यांत शेवटी बाई. आई पुढचे अकरा दिवस वर्गाच्या पायरीवर बसून हातशिलाई करत राहिली.

साहेब आले तेव्हा पट त्रेचाळीस होता. त्यांनी सही केली, आणि हा बाजा कोणत्या नियमात बसतो असं विचारलं. हेडसर म्हणाले, आमचा उपक्रम आहे.

मामा पाणी भरायला निघून गेले. पट भरला तरी त्या एकदाच बोलण्यातून "सुटलो" असं ते कधीच म्हणाले नाहीत. पुढं पुढं त्यांना धाप लागायची, जिना चढताना दोनदा थांबायचे. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं, तर म्हणाले, श्वास आत ओढून वाजवतो. थंडीत एका दुपारी सलूनच्या पायरीवर जरा टेकले ते उठले नाहीत. सलूनवाल्याला वाटलं डुलकी लागली.

त्याच्या पाव तासच आधी, फाटकाशी, बाईंना ते म्हणाले होते, "छोटीचा डबा राहिलाय बाकावर. जाता जाता देतो. झाकण सैल झालंय त्याचं, तिच्या आईला सांगायला हवं."