नानांची जाळी

नाना काँप्युटरसमोर बसायचे ते चपला दाराबाहेर काढून, टोपी मांडीवर ठेवून. जी ओळ बदलायची ती आधी मोठ्याने वाचायचे आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "ताई, रिपीट." मग तीच ओळ मी परत वाचून दाखवायची. ओळ इंग्रजी, अर्थ दोघांनाही धड ठाऊक नाही, पण वाचायची. सैन्यात ते वायरलेसवर होते. समोरच्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला, असं ते मानतच नसत. पहिल्या दिवशी मनात आलं, कुठे येऊन पडले मी!

ही नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. बी.एस्सी. झाल्यावर मी सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागले. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. त्यांच्या पुतण्याने वखारीवरच्या खोलीत एका काँप्युटरवर वेब सर्व्हर, म्हणजे पानं दाखवणारा प्रोग्रॅम, बसवून दिला आणि तो परदेशी निघून गेला. आम्ही त्यावर रोजचे हळदीचे भाव टाकले, की ते खालच्या पेढीवरच्या काँप्युटरांवर वायरीतून दिसायचे. आता याला इंटरनेट म्हणायचं की नाही, यावर शेठजींचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. नानांना विचारलं तर म्हणायचे, "दिसतंय नव्हं? मग झालं."

नाना उंब्रजचे. सैन्यातून आल्यावर ते एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. "दिवसभर खांबागत हुबं ऱ्हायाचं, कोण बोलत न्हाई," एवढंच ते त्या नोकरीबद्दल सांगत, आणि सांगतानाही त्यांचा चेहरा पडायचा. वायरलेस येतं म्हणजे काँप्युटरही येईल, अशा विचाराने शेठजींनी त्यांना उचलून आणलं होतं.

पुतण्या जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला होता. त्यातून बघून नानांनी कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर एक कार्ड केलं. सर्व्हरच्या सूचनांची फाइल कशी उघडायची, कुठली ओळ कशासाठी, बदल कसा साठवायचा. ते कार्ड टेबलावरच्या काचेखाली. त्या फाइलीत एखाद्या ओळीच्या सुरुवातीला # ही खूण टाकली, की सर्व्हर ती ओळ सोडून देतो, ओळ मात्र जागच्या जागी राहते. नाना त्या खुणेला जाळी म्हणायचे. ओळ खोडलेली त्यांना खपत नसे. मी एकदा एक नको असलेली ओळ पुसायला निघाले, तर असा काही आवाज लावला की माझी बोटं कीबोर्डवरून उडालीच. "पुसायची न्हाई ताई. जाळी लावा, निजू द्या तिला. कवा उठवाय लागंल कुणाला ठावं?"

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठजींनी मुंबईच्या व्यापाऱ्यांना बोलावलं होतं. आम्हाला स्पष्टच सांगितलं, की पाहुण्यांना हे पटलं तर खोली चालू, नाहीतर कुलूप. मला कुठेतरी शिकवणी मिळाली असती. नानांना मात्र परत बँकेच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

खंडेनवमीला आम्ही काँप्युटर रीतसर बंद केला, पुसला, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, म्हणून त्याला हातही लावला नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर मशीन सुरू झालं, पण सर्व्हर काही उठेना. फाइलीत चूक आहे, असं काहीतरी इंग्रजीत येत होतं. अहो, पण पूजेशिवाय आम्ही काही केलंच नव्हतं! शेठजींना वाटलं, कुंकू आत गेलं. त्यांनी पेटी उलटी करून फुंकरसुद्धा मारली. मला उंदरांचा संशय. नाना नुसते कार्डाकडे बघत बसलेले. इतके गोंधळलेले नाना मी कधी पाहिले नव्हते. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गाडी गेली होती आणि मला रडू यायला लागलं.

शेवटी मी पुस्तक उघडलं. नानांचं कार्ड बदल साठवण्यापाशी संपत होतं. पुस्तकात त्यापुढे आणखी एक ओळ होती. सर्व्हर ही फाइल वाचतो ती फक्त सुरू होताना, म्हणून बदल केल्यावर त्याला बंद करून पुन्हा सुरू करायचं. आणि आमचं मशीन तर श्रावणापासून बंदच झालं नव्हतं. पुस्तकात 'याने वेग वाढतो' असं दिसलं, की आम्ही फाइलीत तसा बदल करायचो. काही बिघडलं नाही हे बघून खूश व्हायचो. बिघडणार कसं? भावांची फाइल वेगळी, ती तो रोज वाचायचा; पण यातलं त्याने काही वाचलंच नव्हतं. त्याने सगळं त्या सकाळी एकदम वाचलं.

"चूक माझ्या कार्डाची हाय," नाना म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली. "ताई, नव्या समद्या ओळींना जाळी लावा. जुन्या उठवा. रिपीट."

जुनी एकही ओळ पुसलेली नव्हती. नाना वाचत गेले, मी म्हणत गेले आणि बोटं चालवत गेले. शेवटची जाळी काढली तेव्हा जिन्यावर पाहुण्यांचे बूट वाजत होते. सर्व्हर सुरू केला, भाव दिसले. पाहुण्यांनी ते पाहिले, चहा चांगला झालाय म्हणाले आणि गेले. यात त्यांना पटलं की नाही, काही कळेना. पण शेठजींनी कुलूप लावलं नाही. नेमकी कुठली ओळ नडली, हेही मला आजतागायत कळलेलं नाही. नाना शोधूच देईनात. "निजल्यात त्या, निजू द्या," एवढंच म्हणाले.

पुढच्या थंडीत नाना शनिवारच्या एसटीने नेहमीसारखे गावी गेले आणि सोमवारी आले नाहीत. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला ते खरं वाटेना. त्यांच्या चपलांची जागा मोकळी सोडून मी कितीतरी दिवस दाराबाहेर माझ्या चपला बाजूला काढत होते.

महिन्याभराने शेठजी वर आले. मशीनवर काम करायची परवानगी कुणाकुणाला, ती नावं एका फाइलीत होती. त्यातलं नानांचं नाव पुसून टाक म्हणाले. मी फाइल उघडली. ती ओळ मोठ्याने वाचली आणि सवयीने थांबले. रिपीट म्हणायला कोणी नव्हतं, तरी मी ती परत वाचली. शेठजी मागेच उभे होते.

"पुसलं का?" त्यांनी विचारलं.

"जाळी लावलीय," मी म्हणाले.

शेठजींनी वाकून पडद्यावरची ती ओळ पाहिली. मग म्हणाले, "असू दे."