तिसरी खुर्ची

डब्लिनच्या गोदीकाठी आमच्या काचेच्या इमारतीत चारशे कंपन्या राहतात, माणसं नऊ. मी दारावर असायचो आणि डिम्प्ना गेराटीबाई चहाला.

परदेशी कंपनी इथली ठरायची, तर तिच्या संचालकांची सभा इथल्या जमिनीवर व्हावी लागते. सभा इथं, म्हणून नफा इथला. आणि इथला कर हलका. साहेब सकाळच्या विमानानं यायचे, वीस मिनिटं बसायचे, बाईंची सँडविचं खायचे आणि पसार. बाई मूळच्या लायट्रिमच्या, पाणथळ रानातल्या, जिभेला धार. म्हणायच्या, "माजी कोंबडीबी ह्यांच्यापरीस जास्त येळ बसती."

त्या मंगळवारी त्यांचा नवरा मॅलकी सरकारी दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बोळात, स्ट्रेचरवर तिसरा दिवस काढत होता. फुप्फुसात पाणी, आणि खाट नाही. अकराला मोठा डॉक्टर फेरीला येणार होता. "समोर उभं राहून भांडलात तरच खाट मिळेल," असं नर्सनंच कानात सांगितलेलं. बाईंनी दहापासून रजा घेतली होती.

पावणेदहाला धुक्यानं एका संचालकाचं विमान परत फिरवलं. तिघांशिवाय सभा भरत नाही, आणि ऐनवेळी बदली बसवायचा तो इथलाच रहिवासी हवा. मॅनेजर फिंटन चहाच्या खोलीत धावला.

"डिम्प्नाबाई, अर्धा तास बसा. बदली संचालक म्हणून. फक्त 'मान्य' म्हणायचं."

"कशाला मान्य?"

"नफा बाहेर पाठवायचा ठराव. नेहमीचाच. चाळीस कोटी युरो."

"आन् हितं काय ऱ्हातं त्यातलं?"

"अहो, यांच्या जिवावर देश चालतो!"

"चालतो? मंग माजा मानूस तीन दिस बोळात का निजलाय रं? त्येच्या उशाशी लोकं बादल्या आपटत्यात! ह्या चाळीस कोटीला खुर्ची घावती, पाणी घावतं, सँडविच घावतं. आन् त्येला खाट न्हाई?"

"आत्ता तो विषय नको."

"आत्ताच! सतरा वरसं कप मांडलं म्या हितं. चहावालीला कान नसत्यात, आसं वाटलं व्हय तुला?"

"मग उद्यापासून येऊ नका."

"ते तुज्या आईला सांग. रविवारी चर्चात माज्याच शेजारी बसती."

एप्रन त्याच्या हातात कोंबून त्या माझ्यासमोरून गेल्या. सभा झाली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र झाली. खुर्चीला माणूस मिळतोच.

अकराला मोठा डॉक्टर आला, तेव्हा बाई बोळात वाट अडवून उभ्या होत्या. "मला वलांडून जावा," म्हणाल्या. तासभर आरडाओरडा झाला आणि मॅलकीला खाट मिळाली.

त्या खाटेवरनं ऐंशीची एक म्हातारी उचलून बोळात आणली, त्याच स्ट्रेचरवर. तिची लेक भिंतीला टेकून रडत होती. बाईंनी नवऱ्याच्या अंगावर पांघरूण घातलं, बाहेर आल्या आणि त्या लेकीचा दंड धरला.

"रडतीस काय? आता तू वरड. मी हाय संगं."