सिंधूताईंच्या घरचा केरळचा बेत

एप्रिल लागला की नागपूरच्या इंदोऱ्यातल्या वासनिकांच्या घरी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागायच्या आणि सुट्टीत कुठं जायचं यावरून जेवताना वाद सुरू व्हायचा. सुनेला, वैभवीला, डोंगर हवे असायचे, मुलाला, अमोलला, समुद्र, आणि नात मिहीला हत्ती नि होडी. सिंधूताईंचे पती प्रेमानंद वीज मंडळातून निवृत्त झालेले; ते प्रत्येक बेतात काहीतरी खोट काढायचे. सिंधूताई मात्र गप्प राहून पोळ्या वाढायच्या. त्यांना ज्या गावाला जायचं होतं, त्याचं नाव या घरात काही वर्षं कुणी काढलं नव्हतं.

ते गाव कोची. त्यांची लेक नंदिनी तिथं राहायची. नागपुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला असताना तिची जोबीशी ओळख झाली. तो तिथंच नर्स होता, कोचीचा ख्रिस्ती मुलगा. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि मग घरी फोन केला. प्रेमानंदांना जातधर्माचं काही नव्हतं. विहारातल्या कार्यक्रमात माणूस सारा एक यावर ते तासभर बोलत. पण पोरीनं आधी आपल्याला विचारलं नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "तुले बाप नव्हता काय?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच.

सिंधूताई दुपारी ते झोपले की जिन्यात बसून लेकीशी बोलत. बाबा कसे आहेत, हे नंदिनी दरवेळी विचारायची, आणि मी विचारलं म्हणून सांगू नको, हेही दरवेळी सांगायची.

यंदा संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झालं की प्रेमानंद कानात वायर घालून मोबाईल बघत बसू लागले. क्रिकेट असेल म्हणून कुणी विचारलं नाही. एकदा सिंधूताई पन्हं घेऊन वर गेल्या, तेव्हा पडद्यावर कुणीतरी एका अरुंद गल्लीतून चालत होतं. मसाल्याची पोती, जुन्या भिंती, आणि दुकानांवर गोल गोल वळणाची अक्षरं. नंदिनी पाठवायची त्या केळ्याच्या वेफर्सच्या पुड्यावर असायची तशीच. पन्ह्याचा पेला तिथंच कठड्यावर ठेवून त्या हळूच खाली उतरल्या. खपली धरत असताना नख लावायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

पुढच्या रविवारी आमरसाचं जेवण होतं. हिमाचलच्या गाड्यांना जागा नाही, असं अमोल सांगत होता. मध्येच प्रेमानंद म्हणाले की केरळात जाऊ. सगळ्यांचे हात थांबले. ताटातून नजर न काढता ते पुढे बोलत राहिले. वैभवीसाठी मुन्नारचे डोंगर, मिहीसाठी अलेप्पीला होडी, आणि मग कोचीला मट्टांचेरी नावाची वस्ती. तिथं गुजराती व्यापारी, कोकणी लोकांचं देऊळ, कच्छी लोकांची मशीद, ज्यूंचं प्रार्थनाघर, तमिळ परटांचा धोबीघाट, सारं पायी फिरण्याच्या अंतरात. आपल्या नागपूरच्या वेगवेगळ्या समाजांच्या वस्त्या, जरीपटका, मोमिनपुरा, इतवारी आणि इंदोरा, एकाच गल्लीत आणून ठेवल्यासारखं. हे लोक एकमेकांशेजारी कसे नांदतात, ते त्यांना बघायचं होतं.

अमोलनं आईकडे पाहिलं आणि जपून मोबाईलवर हॉटेलं शोधायला घेतली.

"हॉटेल काहून पाहून राहिला?" प्रेमानंद म्हणाले. "पोरीचं घर हाय न तिथं."

सिंधूताई रसाची वाटी हातात घेऊनच खाली बसल्या. पण सुटकेचा श्वास घेतात न घेतात तोच दुसरी धास्ती उभी राहिली. बाबा आले तरी मी दार उघडेन की नाही माहीत नाही, असं नंदिनी दिवाळीत बोलून गेली होती.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि फोन लावला. सगळा बेत सांगितला.

मग नंदिनी म्हणाली, "आई, ते मले विचारून राहिले का सांगून राहिले?"

सिंधूताईंनी तोच प्रश्न स्वतःशीच मोठ्यानं म्हटला. दारात प्रेमानंद उभे होते. त्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

"विचारून राहिलो, बेटा," ते म्हणाले. "येऊ काय?"

पलीकडून काय आलं ते सिंधूताईंना ऐकू आलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की नवऱ्याचे ताठ खांदे सैल पडले आणि ते पलंगावर टेकले. मग बोलणं उन्हावर गेलं, कोणती गाडी सोयीची यावर गेलं. जोबीची आई विचारत होती, खोबरेल तेलातली मासळी चालेल का? जन्मभर त्या तेलाच्या वासाला नाक मुरडणारा माणूस म्हणाला की चालेल, सारंच चालेल.

तिकिटं वेटिंगवर होती, ती निघायच्या आधी पक्की झाली. मट्टांचेरीत जोबी नागपुरी हिंदीत सासऱ्यांना गल्लीगल्लीतून हिंडवत होता. मिहीला धोबीघाटच सर्वात आवडला. मुन्नारला निघायच्या दिवशी प्रेमानंदांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. ते आणि सिंधूताई लेकीकडेच राहिले. वैभवी आधी थोडी रुसली, मग नवरा आणि लेकीला घेऊन खुशीत डोंगराकडे निघाली.

संध्याकाळी चौघं फेरीबोटीनं पलीकडच्या काठाला निघाली. जोबी आणि प्रेमानंद पुढे कठड्याशी उभे राहून जहाजं मोजत होते. नंदिनी आईला खेटून बाकावर बसली. बोलायची घाई दोघींनाही नव्हती.