ताईचं दीपगृह

आमच्या गावात रत्नागिरी हे शहराचं नाव नव्हतं, धाक होता. सून उलट बोलली, मूल हट्टाला पेटलं, की म्हातारी माणसं म्हणत, "रत्नागिरीला धाडू काय?" वेड्यांचं इस्पितळ तिथं होतं, आणि आमच्या डोंगरी गावाला त्या शहराची तेवढीच ओळख होती. मी तिथं शाळेला गेलो तेव्हा शेजारणी आईला विचारत, "पोराला काय झालं गो?"

मी राहिलो आईच्या चुलतभावाकडे. हे मामा बंदरावर आगबोटीच्या एजंटाकडे कारकून होते. कोर्टाच्या कामाला किंवा मुंबईची बोट धरायला आलेलं आमच्याकडचं माणूस त्यांच्या पडवीत उतरायचं, आणि मामा त्याला गाव दाखवल्याशिवाय सोडायचे नाहीत. मात्र प्रत्येक पाहुण्यासाठी एक जागा ते मुद्दाम शिल्लक ठेवायचे. "सगळं एकदम बघितलंस तर परत कशाला येशील, मेल्या?" पांढरा समुद्र नावाचा किनारा त्यांनी मला मॅट्रिक होईपर्यंत दाखवला नव्हता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या पडवीतल्या कंदिलावर. ते ऋण मी आजही मानतो.

मी कॉलेजात असताना माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तापानं गेला. ताई जेवेना, बोलेना, विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागली. नवरा मुंबईला गिरणीत होता. त्यानं तिला माहेरी आणून सोडलं. देवाचे कौल झाले, भगत झाले. एकदा तिला विहिरीतून बाहेर काढावं लागलं, तेव्हा बाबांनी धीर सोडला आणि कचेरीतून तिला रत्नागिरीच्या इस्पितळात ठेवायचा हुकूम मिळवला. मी सुट्टीत घरी होतो, म्हणून बरोबर गेलो. मामांना भेटायला जातोय, असं बाबांनी तिला सांगितलं होतं. आम्ही बैलगाडीनं निघालो.

मामांकडे पोचल्यावर कळलं की डॉक्टर दुपारनंतर बघतील. बाबा पडवीत डोकं धरून बसले. मामांनी टोपी चढवली.

"चल गो बाय, गाव दाखवतो."

"तिला कसलं गाव दाखवतोस?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"पाहुणी आहे माझी. तुम्ही बसा हवं तर."

बाबा बसले नाहीत. आम्ही सगळेच गाडीत चढलो.

बाजारात मामांनी ओळखीच्या कोळणीपुढे गाडी थांबवली. "काल दिलेली सुरमई परवाची होती गो!"

"मग चुलीवर कशाला ठेवलीत? पाण्यात सोडायची, पोहली असती!"

ताईच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. बाबांना तो दिसला नाही, मला दिसला.

पुढं खाडीवरच्या टेकडीवर तो मोठा वाडा आला. मामा सवयीनं सांगू लागले, "ब्रह्मदेशचा राजा राहायचा इथं. सरकारनं त्याला बोटीत घालून आणला नि ठेवला."

"त्याला विचारलं होतं?" ताई म्हणाली. कित्येक महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला.

"राजाला कोण विचारतो?"

"मग परत गेला?"

मामांकडे शहरातल्या दर दगडाची एक गंमत होती. बाबा त्यांच्याकडे विनवणीच्या नजरेनं बघत होते.

"नाय," मामा म्हणाले. "इथंच वारला."

ताई वाड्याच्या बंद खिडक्या बघत राहिली. मग म्हणाली, "मला इस्पितळात ठेवणार ना?"

"हो. दुपारी," मामा म्हणाले.

"आणि मी? जाईन परत?"

"ते मला ठाऊक नाय, बाय. मला गाव ठाऊक आहे, ते दाखवतो."

बाबांनी तोंड फिरवलं. ताई मात्र त्यानंतर सावरून बसली आणि विचारू लागली. ही नदी की खाडी? ते शीड कुणाचं? मांडवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू तिनं मुठीत घेतली आणि हळूच विचारलं, "ही राख नाय ना?"

"नाय गो, वाळूच. हिचा रंगच हा."

पाण्यापलीकडे किल्ल्याच्या टोकाला दीपगृह दिसत होतं. तिनं बोट दाखवलं. "तिकडं जाऊया?"

"ते नाय," मामा म्हणाले. "ते तुझं शिल्लक."

दुपारी इस्पितळाच्या फाटकातून ती आपल्या पायांनी आत गेली.

बी.ए. झाल्यावर मला रत्नागिरीतच मास्तरकी मिळाली. भेटीच्या दिवशी मी आणि मामा जात असू. आतल्या बऱ्याच बायका लांबून, कनात लावलेल्या गाडीतून थेट फाटकात आलेल्या. आपण कुठल्या गावात आहोत हेसुद्धा त्यांनी बघितलं नव्हतं. झाडाखाली त्यांना बसवून ताई गाव दाखवायची. आधी बाजार, त्यात ती सुरमई. एक म्हातारी दर वेळी सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटीच हसायची. मग राजाचा वाडा, मग काळी वाळू. "दीपगृह माझं राहिलंय," ती शेवटी सांगायची. मी इतकी वर्षं ज्या रस्त्यांनी पुस्तकं घेऊन गेलो, ते रस्ते मी त्या भिंतीच्या आत बसून नीट पाहिले. त्यानंतर बाजारातून जाताना ते ऐकणाऱ्या बायकांची तोंडं माझ्यासमोर येत. शहर मला पहिल्यासारखं हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, पावसाचा जोर ओसरला की हिला घरी न्यायला हरकत नाही. मामांनी नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार ठरवला. आधी दीपगृह, मग घर. ताईनं झाडाखालच्या बायकांना तो दिवस सांगून ठेवला.

आषाढात तिला हगवण लागली. बाबा गावाहून पोचेपर्यंत ती गेली होती.

तिची लुगडी आणायला मी आणि मामा गेलो. झाडाखालून ती म्हातारी उठून आली आणि मला म्हणाली, "तुझी बहीण दिवा बघायला गेली काय?"

हो म्हणणं सोपं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"नाय आजी," मी म्हणालो. "राहिला तिचा."

म्हातारीनं मान हलवली आणि ती परत झाडाखाली जाऊन बसली.

त्यानंतरही मामांच्या पडवीत पाहुणे येत राहिले. मामा त्यांना आधी दीपगृहावर न्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत काहीही शिल्लक ठेवायचे नाहीत.