दान बोलल्याशिवाय सोंगटी हलत नाही

सोमवार, १४ जुलै २०२५. आखाडा बाळापूर. सकाळी नळ आला. दुपारी पेटीतला सोंगट्यांचा पट काढून झटकला. शाळा सुटल्यावर अख्तरीची खुशनुमा येऊन बसली. एक शब्द बोलली नाही.

पद्माबाईंच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. अख्तरी शेजारीण, शिवणकाम करणारी. तिची लेक पाचवीत. घरात बडबडी, वर्गात मुकी.

"हिला तुमच्यापाशी बसू द्या काकू," अख्तरी म्हणाली होती. "तुमी बी एकट्याच असता."

शेवटचं वाक्य पद्माबाईंना लागलं, पण नाही म्हणता येईना. यजमान गेल्यापासून कवड्या डब्यातच होत्या.

त्यांच्या घरी पटाचा नियम कडक. पडलेलं दान मोठ्यानं म्हणायचं, नाहीतर ते वाया. खुशनुमाची सगळी दानं वाया जायची. पद्माबाई एकट्याच सोंगट्या हलवत जिंकायच्या, मग तिला पेलाभर दूध द्यायच्या. समोर कुणीतरी बसलेलं असायचं, एवढंही त्यांना पुरत होतं.

श्रावणात एकदा पोरीच्या सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या. पंचवीस. ती गप्पच. पद्माबाईंनी कवड्या उचलायला हात घातला, तर तिनं मनगट धरलं.

"पंचवीस."

"ऐकू नाही आलं."

"पंचवीस. काहून उचलून राहिल्या आजी? माझं हाय ते."

त्यानंतर तिचं तोंड थांबेना. दान पडताच घरं तोंडी मोजायची. हरली तरी रुसायची नाही, पुन्हा मांडायची. जिंकायला लागली की, "आजी, तुमची सोंगटी मेली. रडू नका बरं," म्हणायची. पद्माबाईंचं दुपारपासूनच दाराकडे लक्ष असायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस ती दारातच उभी राहिली.

"वर्गातल्या पोरी म्हणतेत, आमाला बी शिकव. पट नेऊ?"

"इकडंच आण की त्यांना."

"त्या लांब राहतेत. शाळा सुटल्यावर त्यांच्याकडंच ओट्यावर बसणार आमी."

पट यजमानांच्या हातचा होता. नाही म्हटलं असतं तर पोरगी मुकाट्यानं समोर येऊन बसली असती. पद्माबाईंनी पटाची घडी केली, वर कवड्यांचा डबा ठेवला.

"एखादी पोरगी दान बोललीच नाही तर?"

"वाया."

"बराबर. आणि लगेच हसू नका तिला."

"न्हाई आजी." ती पळतच गेली.

दुसऱ्या दिवशी पद्माबाईंनी नेहमीच्या वेळेला दूध तापवलं. गल्लीतून पोरी गेल्या, त्यांत खुशनुमाचा आवाज सगळ्यांत मोठा. तो कोपऱ्यावर वळला आणि मग ऐकू येईना.

दिवा लावल्यावर त्यांनी वही उघडली. लिहिलं: पेलाभर दूध उरलं. विरजण लावलं.